एकतिसांत पहिला

मी एकतीस जणांत पहिला आलो. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीबाहेरच्या फळ्यावर हे खडूने लिहिलेलं होतं. खाली 'हार्दिक अभिनंदन', आणि त्याच्याही खाली नळाला पाणी सोडण्याची वेळ. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजू. मी कुठेही पहिला आलेलो नाही, फळा कोरा आहे, पाणी रोजच्या वेळेला येणार आहे, आणि साल १९९९ आहे.

आखातात, शारजाच्या शेजारी अजमानमध्ये टायरच्या एका दुकानामागे पिवळा व्हिला होता. त्यावर 'पाम व्ह्यू को-एज्युकेशनल ओपन हायस्कूल' असा बोर्ड होता. पाम नव्हता. व्ह्यू होता, टायरचा.

ही शाळा कोणासाठी होती ते सांगतो. शारजा-दुबईकडच्या काही मोठ्या शाळांना दहावीचा निकाल शंभर टक्के लावायची सवय होती. ही सवय टिकवायला त्या नववीतच चाळण लावायच्या. पीठ दहावीत जायचं. चाळणीत जो कोंडा उरायचा तो पालकांच्या हातात परत मिळायचा, आणि पालक तो आमच्या प्रिन्सिपल शहनाझ मॅडमकडे आणून द्यायचे. मॅडम हैदराबादच्या. त्या कोंड्याला कोंडा म्हणत नसत. त्यांच्या माहितीपत्रकात आम्हाला 'अल्टरनेटिव्ह लर्नर्स' म्हटलेलं होतं. इथे ओपन बोर्डाची दहावी करता यायची. मी गणितात आणि अरबीत गेलो होतो, म्हणून मी अल्टरनेटिव्ह.

घरी कोण, तर तसं कोणी नाही. आई धाकट्या बहिणीला, ओवीला, घेऊन सावंतवाडीला परत गेली होती. ओवीचं पाचवीचं वर्ष तिकडे सुरू झालं होतं. मीही जायचा होतो. पण गावी मी नववी पास झाल्याचं आधीच कळवलेलं असल्यामुळे मला इथे राहून पास होणं भाग होतं. बाबा खोर फक्कानच्या बंदरात क्रेन चालवायचे, तिथेच कॅम्पात राहायचे, आणि गुरुवारी दुपारी मासे घेऊन यायचे. मधले दिवस फ्लॅटमध्ये मी आणि भाडं वाटून घेणारे बाबाजीकाका. काका मालवणचे, साइटवर लोखंड बांधायचे. पहाटे मी उठायच्या आत जायचे आणि संध्याकाळी जेवता जेवता झोपायचे. कधी कधी घास तोंडात असतानाच. मग मी त्यांच्या हातातली चपाती काढून ठेवायचो.

बाबा दर गुरुवारी बांगडे धुता धुता विचारायचे, "वर्गात पोरां किती आसत?"

"एकतीस."

"बरा. म्हंजे एकटो पडूचस नाय."

हे मी खोटं बोलत नव्हतो. हजेरीपटावर एकतीसच नावं होती.

फक्त हजर सहा जण असायचे.

त्याचं असं होतं, की आखातात कोणी शाळा सोडत नाही. माणूस कॅन्सल होतो. वडिलांची नोकरी गेली की व्हिसा कॅन्सल, मग महिन्याभरात अख्खं घर विमानात. काही जण उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जायचे आणि नुसते परत यायचे नाहीत. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला कोणाला वेळ नसायचा. आणि दाखला नेल्याशिवाय पटावरचं नाव खोडायचं नाही, असा शहनाझ मॅडमचा नियम होता. दर डिसेंबरात त्यांना लायसन्ससाठी पटसंख्या दाखवावी लागायची.

या एकतीस नावांची हजेरी मधू सर रोज सकाळी सात चाळीसला घ्यायचे. मधू सर त्रिशूरचे. गणित, सायन्स आणि शाळेची व्हॅन हे तिन्ही विषय त्यांच्याकडे होते. त्यांचं एक तत्त्व होतं: नाव घेतलं की उत्तर आलंच पाहिजे. उत्तर नाही आलं तर ते पुढच्या नावावर जायचे नाहीत. पेन पटावर टेकवून बसून राहायचे.

"नाम बुलाया, और कोई कुछ नहीं बोला," ते एकदा म्हणाले होते, "वो अच्छा नहीं लगता. घर में भी नहीं लगता." त्यांची बायको-मुलं त्रिशूरला होती.

त्यामुळे आमच्याकडे एक पद्धत पडली. जो गेला त्याच्या बाकावर शेवटचा जो बसायचा, त्याने त्याच्या वतीने उत्तर द्यायचं. म्हणजे सरांनी "अन्वर" म्हटलं की अन्वरच्या शेजारचा उभा राहून म्हणणार, "ॲबसेंट, सर." सोबत ठिकाणही सांगायचं, कारण मॅडमच्या रिपोर्टात तसा कॉलम होता. "ॲबसेंट, सर. दोहा." "ॲबसेंट, सर. कोळिकोड." ठिकाण माहीत नसेल तर अंदाजे. सुदानचा एक मुलगा फुटबॉल खेळायला मिळेल या समजुतीने तीन दिवस आला होता. तो गेली दोन वर्षं ब्राझीलमध्ये होता.

अडचण तेव्हा यायची, जेव्हा उत्तर देणाराच कॅन्सल व्हायचा. मग त्याची सगळी नावं, अधिक तो स्वतः, त्याच्या बाकावरच्या माणसाकडे वारसाने यायची. आमच्या गावी जमिनीची होत नाही इतकी स्वच्छ वाटणी या वर्गात व्हायची. कोर्टकचेरी नाही. फक्त बाक.

नोव्हेंबरात आम्ही तिघं उरलो. खैरुद्दीन, मी आणि मनाली.

खैरुद्दीन माझ्या बाकावर बसायचा. आझमगढचा, तीनदा नववी केलेला, मिशी असलेला. त्याच्याकडे पंधरा नावं होती. एका बुधवारी त्याने मला टायरच्या दुकानाशेजारच्या टपरीवर नेलं आणि स्वतःच्या पैशाने शावर्मा घेऊन दिला. तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट आहे.

"मामू की मोबाइल की दुकान है, शारजा में," तो म्हणाला. "शनिवार से बैठ रहा हूँ. पढ़ाई खलास."

"शारजा तो यहीं है."

"यहीं है. लेकिन ॲबसेंट तो ॲबसेंट है ना, भाई." त्याने खिशातून कागद काढला. शावर्माच्याच कागदावर पंधरा नावं आणि ठिकाणं लिहिलेली होती. सोळावं नाव खैरुद्दीन, ठिकाण रोला स्क्वेअर. "सँभाल के रखना. और वो श्रीलंका वाले का नाम पूरा बोलना, आधा नहीं. आधा बोलने से उसको ग़ुस्सा आता था."

मी तो कागद घडी करून कंपासपेटीत ठेवला. तेलाचे डाग कोलंबोवर पडले होते.

शनिवारी माझ्याकडे माझी सहा, त्याची पंधरा आणि तो एक, अशी बावीस नावं झाली. मनालीकडे सात होती. ती मुलींच्या रांगेत पहिल्या बाकावर एकटी बसायची. तिच्या मागे चार रिकामे बाक. माझ्या मागे पाच.

मनाली टिपणीस दादरची. वडील दुबईत एका फ्रेट कंपनीत मॅनेजर. तिला गणिताच्या त्याच चाळणीने खाली टाकलं होतं. आम्ही दोघं पटावरचे दोनच मराठी, त्यामुळे दोघांनी एकमेकांशी मराठीत बोलावं अशी शहनाझ मॅडमची अपेक्षा असायची. मी मराठीत बोलायचो. मनाली इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची.

"तू रोज 'ॲबसेंट' असं का म्हणतोस?" एकदा तिने चक्क मराठीत विचारलं.

"असं म्हणजे?"

"लाइक समबडी डाइड. सी, मी कसं म्हणते. ॲबसेंट, सर, बँगलोर! हॅपी. दे आर इन बँगलोर, यार. वुई आर इन अजमान."

त्या डिसेंबरात मॅडमनी मला वार्षिक रिपोर्ट करायला बसवलं. नाव 'स्टुडंट परफॉर्मन्स अँड डेमोग्राफिक्स'. शाळेत एकच कॉम्प्युटर होता आणि त्याला मी घाबरत नव्हतो एवढीच माझी पात्रता. मॅडमना एक जानेवारीची धास्ती होती. कॉम्प्युटर दोन हजार साल न ओळखता सगळं विसरून जाईल, असं पेपरात आलं होतं. "बेटा, इकतीस तारीख़ से पहले प्रिंट निकालो. और वो गोल वाला ज़रूर बनाना."

गोल वाला म्हणजे पाय चार्ट. केरळ बारा, म्हणजे अडतीस पूर्णांक एकाहत्तर टक्के, हिरवा. आंध्र सहा, निळा. असं करत करत एका बारीक केशरी फोडीवर आलो. महाराष्ट्र, सहा पूर्णांक पंचेचाळीस. मी मनालीला स्क्रीनवर दाखवलं.

"हे आपण."

ती वाकून बघत राहिली. "दॅट्स इट?"

"श्रीलंका आणि सुदान मिळून जेवढे, तेवढे आपण दोघं."

"बट दे आर नॉट इव्हन हिअर."

"कोणीच नाहीये. चार्टला सांगू नकोस."

ती हसली. तिला हसवणं हा माझा त्या वर्षातला सगळ्यात चांगला परफॉर्मन्स होता, आणि रिपोर्टात त्याच्यासाठी कॉलम नव्हता. मग ती म्हणाली, "पप्पांची ट्रान्सफर झालीय. मस्कत. न्यू इयरला जातोय."

मी माऊस हलवत राहिलो. केशरी फोड उगाचच चार्टच्या बाहेर ओढली गेली. तशी ती वेगळी काढता येते, हे मला तेव्हाच कळलं.

"पण परीक्षा?"

"येणार ना. एप्रिलमध्ये. हॉल तिकीट इथूनच येणार. मस्कतहून बस आहे, पाच-सहा तास. पप्पांनी प्रॉमिस केलंय."

"नक्की?"

"इन्शाल्ला," ती म्हणाली. आखातात हे उत्तर हो आणि नाही या दोन्हींना चालतं.

सुट्टी लागायच्या आधीचा शेवटचा आठवडा. रोजे चालू होते, शाळा साडेअकरालाच सुटायची. शनिवारी सकाळी मधू सरांनी पट उघडला आणि मनाली दप्तर घेऊन उठली. मुलींच्या रांगेतून निघाली, मधली फरशी ओलांडली आणि माझ्या बाकावर येऊन बसली. सरांनी वर बघितलं, पुन्हा पटाकडे बघितलं, आणि पेनचं टोपण फार वेळ शोधत राहिले. टोपण पेनच्या मागेच लावलेलं होतं.

"काय झालं?" मी कुजबुजलो.

"डोंट गेट आयडियाज. माझ्या बेंचवर कोणीच नाही ना. मग माझं ॲबसेंट कोण म्हणणार?" तिने एक चिठ्ठी सरकवली. सात नावं, सात गावं, आणि आठव्या ओळीवर तिचं स्वतःचं नाव, समोर 'मस्कत'. "ऑल गर्ल्स. नीट नावं घे. अँड से इट हॅपी."

पाच दिवस ती त्या बाकावर बसली. माझा उजवा कोपर पाच दिवस शिस्तीत राहिला.

ईदनंतर, अकरा जानेवारीला शाळा उघडली. जग बुडालं नव्हतं, कॉम्प्युटरला सगळं आठवत होतं. वर्गात मधू सर आणि मी. एसीची घरघर, पुढच्या दुकानात टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज.

सरांनी पट उघडला. अन्वर. "ॲबसेंट, सर. दोहा." असं करत आम्ही चाललो. उठबस टाळायला मी उभाच राहिलो होतो. मग सर म्हणाले, "मनाली टिपणीस."

मी तोंड उघडलं. आधी बारा वेळा म्हटलेला शब्द होता, तो काही आला नाही.

"मनाली टिपणीस."

पाच मिनिटं गेली. सर पेन टेकवून बसले होते. पेनखाली पटावर शाईचा ठिपका मोठा होत होता. दहा मिनिटं गेली. टायरवाल्याने कोणाला तरी शिव्या दिल्या, त्याही संपल्या. हे असं सुरू राहिलं तर मधू सर अकरा जानेवारीलाच निवृत्त होतील, असं मला वाटायला लागलं.

"सुदेश," सर शेवटी म्हणाले, "तुम्हारा बेंच पे बैठता था ना वो?"

"जी, सर."

"तो बोलो."

"सर, वो... लेट है."

"लेट?"

"जी. मस्कत से आ रही है."

सरांनी पटाच्या वरच्या कोपऱ्यात बघितलं. तिथे छापलेलं होतं: पी म्हणजे प्रेझेंट, ए म्हणजे ॲबसेंट, एल म्हणजे लेट. त्या 'एल'ला कोणी कधी हात लावला नव्हता. आम्ही सगळे एकाच व्हॅनने यायचो, त्यामुळे उशीर झाला तर सरांसकट सगळ्यांना व्हायचा. त्यांनी सावकाश एल लिहिला. सुंदर अक्षरात.

"ट्रॅफिक होगा," ते म्हणाले, आणि पुढच्या नावावर गेले.

त्या दिवसापासून मनाली रोज लेट होती. कधी हत्ता बॉर्डरवर लाइन असायची, कधी बसचा टायर पंक्चर. पंक्चरचं सांगितल्यावर सर खिडकीबाहेर बघून म्हणायचे, "इधर लाने को बोलो."

हे नुसतं गमतीचं नव्हतं. आमच्या सेंटरचा नियम होता, पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर हॉल तिकीट नाही. तीन लेट म्हणजे एक ॲबसेंट. मी हिशोब केला. वर्षाचे दिवस एकशे नव्वद. ती डिसेंबरपर्यंत एकशे पाच दिवस आली होती. जरा सर्दी झाली की घरी बसायची, त्याचा मला आता फार राग आला. राहिलेले सत्तावन्न दिवस मी ॲबसेंट म्हटलं असतं तर ती पंचावन्न टक्क्यांवर गेली असती. सत्तावन्न दिवस लेट म्हटलं तर एकोणीस गेले, अडतीस वाचले, एकूण पंचाहत्तर पूर्णांक सव्वीस. एक दिवस जरी माझी जीभ घसरली तर खलास. गणितात मला इतका रस आयुष्यात कधी आला नव्हता. ताप आला तरी मी शाळेत गेलो. मी नसतो तर तिचं लेट कोण म्हणणार?

शहनाझ मॅडमनी पट बघितला, एलची रांग बघितली आणि पट मिटून ठेवला. ती गेली असती तर शाळा मुलांची झाली असती, आणि बोर्डावर को-एज्युकेशनल रंगवलेलं होतं.

मार्चच्या शेवटी दोन हॉल तिकिटं आली. लागोपाठचे नंबर. मॅडमनी दोन्ही माझ्याच हातात दिली. मनालीच्या फोटोत ती कॅमेऱ्यावर चिडलेली दिसत होती. मी ती दोन्ही तिकिटं गुरुवारी बाबांना दाखवली.

"ही कोण?"

"वर्गातली. मस्कतहून येणार आहे परीक्षेला."

"आणि बाकीची तीस?"

"एकोणतीस. त्यांची वेगळीकडे आहे."

"बरा," बाबा म्हणाले. "मोठी शाळा आसा."

परीक्षेचं केंद्र कुठे आलं, तर आम्हा दोघांना चाळलेल्या त्याच शाळेत, शारजाला. गेटवरचा वॉचमन मला बघून खूश झाला. "अरे! वापस आ गया?"

"तीन घंटे के लिए."

मी आठलाच पोचलो होतो. नऊपर्यंत गेटवर थांबलो. मस्कतची बस कशी दिसते हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे मी प्रत्येक बसकडे बघत होतो. त्यात दोन कचऱ्याच्या गाड्याही बघून झाल्या. मग घंटा झाली.

पहिला पेपर गणिताचा. माझ्या उजव्या हाताला रिकामा डेस्क, त्यावर खडूने तिचा नंबर. मी तिचं हॉल तिकीट त्या डेस्कवर ठेवलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर माझं खोडरबर ठेवलं. सुपरवायझर चष्मेवाले, अनोळखी, घाईतले.

"हे कोणाचं?" त्यांनी इंग्लिशमध्ये विचारलं.

"लेट आहे, सर."

"अर्धा तास. नंतर आत घेत नाही."

तो अर्धा तास मी दाराचा पेपर सोडवला. दाराला वर दोन बिजागऱ्या, खाली एक. हँडलचा स्क्रू ढिला. नऊ वाजून चौदा मिनिटांनी दार उघडलं. पाणीवाला होता. नऊ बावीसला पुन्हा उघडलं. तोच, पाणी विसरला होता. साडेनऊला सुपरवायझर लाल पेन घेऊन त्या डेस्कजवळ आले. त्यांनी नंबर बघितला, हातातल्या यादीत शोधला आणि पेन टेकवलं. नाव घेतलंच नाही.

मी उभा राहिलो.

"सर, नाम बुलाइए."

"व्हॉट?"

"एक बार नाम बुलाइए ना, सर. फिर लिखिए."

अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला. त्यातले बरेच जण पीठ होते. सुपरवायझरना बहुधा वाटलं, याला उन्हाचा त्रास झालाय. लवकर मिटवावं म्हणून त्यांनी वाचलं, "मनाली टिपणीस?"

"ॲबसेंट, सर," मी म्हणालो. "मस्कत." जमेल तेवढं आनंदी.

"सिट डाउन," ते म्हणाले.

गणितात मला छत्तीस मिळाले. पस्तीसला पास.

मेमध्ये शाळेच्या पोस्ट बॉक्सवर एक कार्ड आलं. 'सॉरी या. पप्पांनी इथल्या शाळेत घातलं, नववीत, पुन्हा. फोर्टी-टू इन क्लास. रोल कॉलला सगळे फक्त स्वतःचंच बोलतात. सो बोरिंग. डिड यू से इट हॅपी?' पत्ता घाईत राहिला होता. नुसतं 'मस्कत'. तेवढा पत्ता माझ्याकडे आधीच होता.

निकाल जूनमध्ये लागला. गैरहजर उमेदवार निकालात धरत नाहीत. त्यामुळे बसले एक, पास एक. पाम व्ह्यू को-एज्युकेशनल ओपन हायस्कूलचा निकाल शंभर टक्के. शहनाझ मॅडमनी गेटवर कापडी बॅनर लावला. मोठ्या शाळांना जे चाळून जमलं, ते आम्हाला आपोआप जमलं होतं.

बाबांनी गुणपत्रिका हातात धरून विचारलं, "एकतिसांत कितवो?"

परीक्षेला मी एकटाच बसलो, असं मी म्हणायला हवं होतं. त्यांचे हात क्रेनच्या ग्रीसने काळे होते आणि कागदाला डाग लागू नये म्हणून त्यांनी तो मनगटांवर तोलून धरला होता.

"पहिला," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी गावी फोन गेला. फळ्याचं काय झालं, ते तुम्ही वाचलेलं नाही. पुढच्या गुरुवारी बाबा खोर फक्कानहून थर्माकोलची दोन खोकी भरून सुरमई घेऊन आले. "तुज्या दोस्तांक जेवूक बोलव. तिसांकय."

मी रोला स्क्वेअरला जाऊन खैरुद्दीनला बोलावलं. मधू सरांना बोलावलं. बाबाजीकाकांनी साइटवरून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि चक्क जागे राहिले. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून बाबांनी एकतीस कागदी थाळ्या मांडल्या. फ्लॅटमध्ये त्या मावल्या नाहीत, शेवटच्या आठ पॅसेजमध्ये गेल्या. आम्ही चौघं बसलो.

बाबा तळलेल्या तुकड्यांची परात घेऊन उभे. "बाकीचे खंय?"

मी थाळीकडे बघितलं. खैरुद्दीनने मिशीवरून हात फिरवला. त्यालाही एवढी मोठी हजेरी एकदम देता येईना. मधू सरांना मराठी येत नव्हतं, मालवणी तर नाहीच. पण रिकाम्या थाळ्या त्यांना वाचता येत होत्या.

"लेट हैं," ते म्हणाले. "ट्रॅफिक होगा."

बाबांनी पॅसेजमधल्या थाळ्यांकडे बघितलं. मग त्यांनी प्रत्येक थाळीत एक तुकडा वाढला, सगळ्या एकतीस थाळ्यांत, आणि मगच जेवायला बसले. मला त्यांनी काही विचारलं नाही. नंतरही कधी नाही.

जुलैत मला अठरा पूर्ण झाली. वडिलांच्या व्हिसावर मुलगा अठरापर्यंतच. मी कॅन्सल झालो. त्याच महिन्यात शाळेचं लायसन्सही संपलं. मधू सर व्हॅन विकून त्रिशूरला गेले, मॅडम हैदराबादला. निघायच्या आदल्या दिवशी मी व्हिल्याकडे गेलो. बोर्ड उतरवलेला होता. वर्गात टायरवाल्याने माल भरला होता. खिडकीतून बघितलं तर माझ्या बाकाच्या जागी टायरची सहा फूट उंच चळत. एकेका टायरला नंबर होता. मी दाराच्या फटीतून एक कागद आत सरकवला. नक्कल माझ्याकडे आहे:

प्रति,
मा. प्राचार्य,
पाम व्ह्यू को-एज्युकेशनल ओपन हायस्कूल, अजमान.

विषय : हजेरीच्या वेळी माझ्या नावास उत्तर देणारी व्यक्ती नेमून मिळणेबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून नम्र विनंती अर्ज करतो की, मी, सुदेश राऊळ, उद्या दि. १९ जुलै २००० रोजीच्या विमानाने कॅन्सल होत असून, मी शाळा सोडल्याचा दाखला नेलेला नाही. सबब माझे नाव नियमानुसार पटावर राहील. माझ्या बाकावर शेवटी बसलेली विद्यार्थिनी परगावी असल्याने, तसेच मजकडील तीस नावे घेण्यास वारस उपलब्ध नसल्याने, सदर एकतीस नावांना उत्तर देण्यासाठी एक व्यक्ती, शक्यतो फारशी घाई नसलेली, आपल्या स्तरावर नेमण्यात यावी. तिने रोज सकाळी सात चाळीस वाजता उभे राहावे. श्रीलंकेच्या विद्यार्थ्याचे नाव पूर्ण घ्यावे. सुदानच्या विद्यार्थ्यास ब्राझीलमध्येच राहू द्यावे. कु. मनाली टिपणीस यांचे उत्तर आनंदी आवाजात द्यावे.

आणि सदर नेमणूक होईपर्यंत मला ॲबसेंट न धरता लेट धरण्यात यावे, ही विनंती.